कापसाच्या खोलीतला आवाज

दिवाळीच्या आगेमागे आमच्या वालूरच्या घरात रेडिओ वर्षातला सगळ्यात गोड वाजायचा. श्रेय नव्या सेलना मिळायचं, पण खरा मानकरी कापूस होता. १९७२ साली कापसाची सरकारी एकाधिकार खरेदी आली. खरेदी सुरू होऊन सेलूला गाडी रवाना होईपर्यंत वेचणीचा माल घरातच राही. मधल्या खोलीत छातीइतकी रास, तिच्या कडेला कोनाडा आणि कोनाड्यात रेडिओ. त्या दिवसांत बातम्या देणारा माणूस जणू खोलीतच येऊन बसे. शब्द सुटा, कोरडा, स्पष्ट. कापूस गेला की आठ दिवसांत आबा म्हणायचे, "सेल उतरले वाटतं. उन्हात ठिवा जरा." सेल उन्हात ठेवून थोडी धुगधुगी येतेही, पण कमी झालेली गोष्ट सेलमधली नव्हती.

हे कोडं मला सुटलं ते फार उशिरा, स्वतःसाठी गाणं ऐकायची खोली करायला घेतली तेव्हा. खालचा आवाज शोषून घ्यायला पडदा किंवा सतरंजी पुरत नाही. शंभर हर्ट्झचा आवाज, म्हणजे डग्ग्याच्या घुमेच्या आसपासचा, घेतला तर त्याची लाट सव्वाअकरा फूट लांब असते. ती नीट गिळायची तर लाटेच्या चतुर्थांशाइतका, जवळपास तीन फुटांचा मऊ, पोकळ थर लागतो. पुण्या-मुंबईच्या ध्वनिमुद्रण स्टुडिओत यासाठी कोपऱ्या-कोपऱ्यांतून दगडी लोकर भरतात आणि त्याचे बक्कळ पैसे मोजतात. आमच्याकडे तो थर दरसाल आपोआप येऊन पडायचा. गंमत अशी, की आमच्या रेडिओच्या चार इंची स्पीकरला इतका खर्ज काढताच येत नव्हता. म्हणजे खोली राजेशाही आणि वाजवणारा फाटका. आज नेमकं उलटं झालं आहे, आणि मला जे सांगायचं आहे ते एवढंच.

जुनं घर माळवदाचं होतं. हात-दीड हात जाडीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती, वर तुळया, तुळयांवर किलचा आणि त्यावर पुन्हा मातीचा थर. खोलीचं माप फुटांत कुणी सांगत नसे, खणांत सांगत. कुठलीही भिंत एकसंध नव्हती. कोनाडे, देवळ्या, खुंट्या, एका अंगाला उतरंड, दुसऱ्या अंगाला कणगी आणि वलणीवर वाकळांची चळत. आवाज भिंतीवर आदळला तरी सरळ माघारी यायला त्याला सपाट जागाच सापडत नसे. वर दार सदा उघडं. ढेलजेतून गल्ली दिसायची आणि मागच्या दारातून परस. दार लावून घेणं म्हणजे घरात काहीतरी भानगड आहे असा शेजाऱ्यांचा समज.

या उघड्या दाराचं महत्त्व कळायला अमेरिकेतल्या एका तरुण प्राध्यापकाची गोष्ट आठवावी. हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली फॉग कलासंग्रहालयाचं व्याख्यानगृह नवं बांधून झालं आणि त्यात बोललेलं कुणाला कळेना. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही, तोवर वक्ता पुढच्या वाक्यात. वॉलेस सबाइन या भौतिकशास्त्राच्या शिक्षकाकडे हे दुखणं आलं. त्याने जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, व्याख्यानगृहात मांडायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवून थांबवायची आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजायचा. सकाळ व्हायच्या आत गाद्या जागेवर परत. असं करत करत त्याला सूत्र सापडलं: खोलीचं घनफळ जितकं मोठं तितकी घुमणी जास्त, आणि आवाज शोषणारं सामान जितकं जास्त तितकी ती कमी. शोषण मोजायला त्याने एकक कोणतं धरलं? उघडी खिडकी. तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणजे शंभर टक्के शोषण. आमचं माळवदाचं घर या हिशेबाने पाहिलं तर ढेलजेचं दार, परसाचं दार आणि वरचा झरोका मिळून त्यात सबाइनच्या मापाचे तीस-चाळीस चौरस फूट फुकटात मोकळे होते.

रेडिओ कुठे ठेवायचा हे मात्र कानाने ठरत नव्हतं, परभणीने ठरवलेलं होतं. आकाशवाणीचं परभणी केंद्र १३०५ किलोहर्ट्झवर, मध्यम लहरींवर लागायचं. अशा लहरी पकडायला ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइटची एक काळी कांडी असते. तिची बाजू केंद्राकडे असली की आवाज भरभरून येतो आणि टोक केंद्राकडे झालं की तोच आवाज मरतो. परभणी आमच्या आग्नेयेला. म्हणून आमचा रेडिओ कोनाड्यात कायम तिरपा, कुणावर तरी रुसल्यासारखा. तो पुसताना कुणी सरळ केला की आबा न बोलता उठत आणि पुन्हा तिरका करत. रात्र झाली की दूरच्या केंद्रांच्या लहरी वरच्या वातावरणावरून परावर्तित होऊन आमच्यापर्यंत पोचत आणि परभणीच्या मागे कुठली तरी न कळणारी भाषा कुरकुरू लागे. पावसाळ्यात जिंतूरच्या बाजूला वीज चमकली की मेघ गरजण्याआधी रेडिओ कडाडायचा. हे सगळं आठवून डोळे मिटून उसासे टाकणाऱ्यांपैकी मी नाही. आवाज चिरका होता आणि अर्धं गाणं अंदाजाने ऐकावं लागे.

मग कॅसेट आली. टू-इन-वन आधी नोकरदारांच्या घरी दिसली. शेतकऱ्याच्या घरी आला तो डेक, म्हणजे गावात नाहीतर सेलूत कुणीतरी डाग देऊन जोडलेला ॲम्प्लिफायर. त्याच्या पोटात बहुतेक वेळा सान्यो कंपनीची एलए ४४४० ही आयसी असायची. दुकानदार तिला 'डबल फोर फोर झिरो' म्हणत. मुळात ती मोटारीतल्या टेपसाठी काढलेली, बारा व्होल्टवर चालणारी, दोन बाजूंना प्रत्येकी सहा वॅट देणारी. बारा व्होल्ट म्हणजे ट्रॅक्टरची बॅटरी. लाइट गेली तरी गाणं चालू! मराठवाड्यातल्या भारनियमनाच्या काळात ही आयसी घराघरांत पोचली त्याला हे कारण पुरेसं होतं. आज डब्यांवर 'अडीच हजार वॅट पीएमपीओ' अशा चिकट्या मिरवतात. त्या आकड्याला कसलाही धरबंध नाही. आमचे बारा वॅट तरी खरे होते.

आणि त्या डेकला स्पीकर? माठातले.

हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना थट्टा वाटेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कुंभारवाड्यातून एकसारखे दोन माठ निवडून आणायचे. बोटाच्या पेराने टिचकी मारून बघायचं. खणखणीत वाजला तर पक्का भाजलेला, भद्द वाजला तर परत. सहा इंची कागदी पडद्याचा स्पीकर माठाच्या तोंडावर बसवायचा. काठ आणि स्पीकरची कड यांत फट राहिली तर सगळी मेहनत वाया, म्हणून कड आधी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने गुंडाळायची आणि वरून एम-सील दाबत न्यायचं. बुडाला लहान भोक पाडून वायर बाहेर काढायची, भोकही बुजवायचं. माठाच्या पोटात मूठ-दोन मुठी पिंजलेला कापूस. तो का घालायचा हे कुणाला सांगता येत नसे. न घालता वाजवून बघितलं की मात्र कळे.

ही करामत शास्त्राला धरून आहे. स्पीकरचा पडदा पुढे ढकलतो तेव्हा मागे ओढतो. नुसता हातात धरून वाजवला तर मागची लाट वळसा घालून पुढच्या लाटेला मारते आणि खर्ज उरतच नाही. माठ मागची लाट कोंडून ठेवतो. लाकडी पेटीत समोरासमोरच्या फळ्यांमध्ये आवाज हेलकावे खात राहतो, माठाच्या गोलाईत त्याला तशा समोरासमोरच्या फळ्या मिळत नाहीत. भाजलेली माती कडक, ती स्वतः थरथरत नाही. आज गोल पेट्यांचे परदेशी स्पीकर लाखांत विकतात ते याच तत्त्वावर. आमच्या माठाला एक खोड होती, ठरावीक सुरावर तो स्वतः गाऊ लागे. पोटातला कापूस तिला लगाम घालायचा.

फक्त माठ ठेवायचे कुठे, याचा विचार कुणी केला नाही. स्टिरिओ म्हणजे काय हे कुणाला ठाऊक होतं? एक माठ मधल्या खोलीत, दुसरा ढेलजेत गल्लीकडे तोंड करून. आपल्याकडे एवढं सामान आहे हे गल्लीला कळायला नको का! जुन्या स्टिरिओ मुद्रणांत वाद्यं सरळ दोन बाजूंना वाटून टाकलेली असत. त्यामुळे एखाद्या गाण्यात घरातल्यांना गायक ऐकू येई आणि गल्लीतल्यांच्या वाट्याला नुसती व्हायोलिनं. शेजारच्या काकी एकदा येऊन म्हणाल्या, "कामून रे, आमच्याकडं नुसतं कूं कूं वाजायलंय. गाणं कुठंय?" १९३१ साली इंग्लंडच्या ॲलन ब्लुमलाइनने स्टिरिओचं पेटंट मागितलं ते सिनेमात नट पडद्यावर जिकडे चालतो तिकडून त्याचा आवाज यावा म्हणून. आमच्या गल्लीत नट चालत दुसऱ्याच्या घरात जाई.

माळवदं पडत गेली. पांढरी माती दरवर्षी वर टाकायला माणसं मिळेनात, पावसाळ्यात गळती, भिंतीतून साप-विंचू. स्लॅबचं घर झालं तेव्हा मायला जो आनंद झाला तो मी विसरलेलो नाही. त्या घराला नावं ठेवायची माझी छाती नाही. पण कानाचं विचाराल तर नव्या खोलीने घात केला. दहा बाय दहा, उंचीही दहा, खाली गुळगुळीत फरशी, भिंतीला पुट्टी आणि ऑइलपेंट, सरकत्या काचा. मधोमध उभं राहून टाळी वाजवा: टाळीमागे 'टर्रर्र' अशी शेपटी ऐकू येते. समोरासमोरच्या दोन टणक भिंती आवाजाचा झेल खेळत असतात. त्याहून वाईट म्हणजे सारखी मापं. दहा फुटांवरच्या दोन भिंतींत छप्पन्न हर्ट्झची अर्धी लाट नेमकी बसते. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारखी, म्हणजे तिन्ही दिशांनी तोच एक सूर फुगतो. गाणं कुठलंही लावा, खालचा तोच गुरगुरणार.

पुतण्याने हौसेने होम थिएटर आणलं. मोठा डबा कोपऱ्यात, कारण तिथेच जागा. लहान डबे शोकेसमध्ये, कपबश्यांच्या मागे. डबा भिंतीला लावला की खर्ज वाढतो आणि कोपऱ्यात सारला की आणखी वाढतो, कारण सगळीकडे पसरणारी लाट भिंती पुढेच ढकलतात. पुतण्याची तक्रार, "काका, नुसतं घुमायलाय. बोलल्यालं काही कळंना." डबा कोपऱ्यातून दोन-अडीच हात बाहेर ओढला, लहान डबे शोकेसच्या काठावर पुढे घेतले. निम्मं दुखणं तिथेच गेलं, खर्च शून्य. त्याचं समाधान झालं नाही. त्याने यूट्यूब पाहिलं होतं. "तिथं तर अंड्याचे ट्रे लावतेत भिंतीला." अंड्यांचे ट्रे हा साफ भ्रम आहे. पुठ्ठ्याचा तो पातळ पापुद्रा वरच्या थोड्या आवाजाला कुरतडतो, खालच्याला हातही लावू शकत नाही, आणि वायरीची ठिणगी पडली तर भडकतो.

मी माझ्यासाठी माडीवरची खोली घेतली. बारा बाय दहा, उंची दहा. सबाइनचं सूत्र फुटांत मांडलं तर बाराशे घनफूट गुणिले ०.०४९, म्हणजे सुमारे एकोणसाठ. घुमणी अर्ध्या सेकंदावर आणायची तर याला अर्ध्याने भागायचं: एकशे अठरा चौरस फूट 'उघडी खिडकी' हवी. नुसत्या गिलाव्याच्या खोलीत ती वीसेक भरते. बाकीची आणायची कुठून? घरातच होती. ट्रंकेत पडलेल्या मायच्या हातच्या तीन वाकळा काढल्या. सहा-सात थर लुगड्यांचे, टाके इतके जवळ की बोट अडकतं. भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवून टांगल्या, कारण मागे हवा राहिली की तेच कापड जास्त खालच्या आवाजापर्यंत पोचतं. नेमक्या कुठे टांगायच्या हे आरसा सांगतो. आपण खुर्चीत बसायचं, दुसऱ्याने भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा. ज्या जागी आरशात स्पीकर दिसेल तिथून आवाजाची पहिली उसळी कानावर येते. ती सरळ आलेल्या आवाजाच्या मागून जेमतेम तीन हजारांश सेकंदाने पोचते आणि गायकाचा चेहरा पुसट करते. तिथे वाकळ.

स्पीकर लांबीकडच्या टोकाला, मागच्या भिंतीपासून अडीच फूट. दोन स्पीकरमधलं अंतर सहा फूट आणि माझी खुर्ची दोघांपासूनही सहा फूट, असा समभुज त्रिकोण. बारीक आवाजाचा छोटा पडदा बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. तोंडं किंचित आत वळवलेली. लाल वायर लालला, काळी काळ्याला. एका बाजूची उलटी लागली तर दोन्ही पडदे एकमेकांविरुद्ध हलतात, खर्ज गळून पडतो आणि गाणारा मधोमध उभा न राहता खोलीभर भटकतो. माझ्या पाठीमागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट, पुस्तकं मुद्दाम मागेपुढे. हे सगळं झाल्यावर भीमसेन जोशींची अभंगवाणी लावली. मोकळ्या भिंतीपुढे, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथे, दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये गाणारा उभा. डाव्या हाताला टाळ. त्या टाळाचा पितळी कण कसा विरत जातो हे मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ती कॅसेट माठावर शेकडो वेळा वाजलेली होती.

पण ही खुर्ची एकाची. ती दोन वीत सरकवली तरी गायक एका स्पीकरकडे झुकतो. माठांच्या काळात गाणं लावलं की ढेलजेत पाच-सात माणसं असायचीच. कुणी दोऱ्या वळतोय, कुणी शेंगा फोडतोय, गाणं आवडलं नाही तर उठून बदला म्हणायची मुभा सगळ्यांना. आता दार लावून, डासांमुळे खिडकीही लावून, मी एकटा. घरातले वर येतात, दोन मिनिटं खुर्चीत बसतात, "व्वा, मस्तय" म्हणतात आणि खाली निघून जातात. त्यांचं गाणं खिशात आहे. पातेलं घासताना मोबाइल स्टीलच्या तांब्यात उभा ठेवला की आवाज मोठा होतो, ही युक्ती सूनबाईंना कुणी शिकवलेली नाही. गोलाईत आवाज गोळा होतो हे आपल्या लोकांच्या हाताला माहीत आहे.

गोलाईचंच बघायचं तर गावातली चक्राकार बारव आहेच. पायऱ्या गोल फिरत पाण्यापर्यंत उतरणारी अशी बारव क्वचितच दिसते. आमच्या लहानपणी ती गाळाने आणि झाडोऱ्याने इतकी बुजली होती की त्यात हाक मारली तर गिळली जाई. काही वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी गाळ काढून ती मोकळी केली, तेव्हापासून लांबलांबून लोक छायाचित्रं काढायला येतात. मी तिथे टाळी वाजवायला जातो. विजापूरच्या गोलघुमटात गुळगुळीत गोलाईमुळे पलीकडच्या कडेची कुजबुज इकडे ऐकू येते. बारवही गोलच, पण तिथली दगडी पायरी आणि पायरी आवाजाचे तुकडे करून वेगवेगळ्या वेळी परत पाठवते. टाळी 'टर्र' करत नाही, फुलते आणि मिटते. स्टुडिओवाले लाकडाच्या कमी-जास्त खोलीच्या खाचा करून भिंतीवर लावतात त्या हाच परिणाम मिळवायला. माझं पुस्तकांचं मागेपुढे कपाट म्हणजे गरिबाची बारव.

खोलीत आता उरलाय तो फक्त खालचा सूर. रुंदी-उंची दोन्ही दहाच, तेव्हा छप्पन्नाचा गुरगुराट आणि त्याची दुप्पट एकशे बारा, नेमकी डग्ग्याच्या मुलखात. वाकळांच्या आवाक्याबाहेरचं हे काम. उपाय मला ठाऊक आहे: पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत छतापर्यंत कापसाची पोती उभी करायची. यंदाचा थोडा माल राखूनही ठेवलाय. घरातून मात्र परवानगी नाही. एक तर उंदीर होतात, दुसरं म्हणजे साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, आणि तिसरं, एका कोपऱ्यात लग्नातलं लोखंडी कपाट आहे. ते पस्तीस वर्षं तिथेच आहे, खर्ज लागला की त्याचं दार खणखणतं, आणि ते हलणार नाही असं मला स्वच्छ शब्दांत सांगण्यात आलेलं आहे. तूर्त दाराच्या फटीत वर्तमानपत्राची घडी खोचली आहे. दुसऱ्या कोपऱ्यातल्या पोत्यांबद्दल बोलणी चालू आहेत.